बाळघंटेचा लोलक

त्या शनिवारी मी कणीक मळत होते आणि हेमंत नेहमीप्रमाणे तळघराची किल्ली शोधत होता. रात्रभर बर्फ पडून गेला होता. म्हणजे घरापुढची पायवाट आम्ही साफ करायची. फावडं तळघरात, तळघराला कुलूप, आणि किल्ली कुठे ते देवाला ठाऊक. सुट्टीला घरी आलेली जुई सोफ्यावर पाय पसरून डोळे न उघडताच सांगत होती, "आई, बाबाला म्हणावं फ्रिजवरचा डबा बघ." सगळं असं यथास्थित चाललेलं असताना स्वयंपाकघराच्या खिडकीवर टकटक झाली.

दाराला चांगली बेल असताना खिडकीच्या काचेवर बोटाच्या पेरानं वाजवणारं माणूस जर्मनीतल्या आमच्या हाल्बेनरोडे गावात एकच. ट्राउडेल. बेल वाजवली तर झोपलेलं मूल उठतं, म्हणून तिनं उभ्या जन्मात कुणाच्या दाराची बेल वाजवलेली नाही. आमच्या घरातलं मूल आता कॉलेजात जातं, पण ट्राउडेलला ते सांगून उपयोग नाही.

खिडकी उघडली. लोकरीची टोपी भुवयांपर्यंत, नाक लाल, आणि हातात ती काळी चामड्याची बॅग. ती बॅग बघून माझे पिठाचे हात जागच्या जागी राहिले. सुईणपण सोडल्यापासून तिनं ती बाहेर काढलेली मी पाहिली नव्हती.

"कोण बाळंत होतंय?" मी विचारलं.

"अजून कुणी नाही. पण होणार आहे, आणि इथंच होणार आहे. हात धू आणि चल. हेमंतलाही घे. कपाट हलवायचंय."

"कुठलं कपाट?"

"माझ्या आईचं. एगॉन असता तर एकट्यानं सरकवलं असतं, पण तो मरून बसलाय." एगॉन म्हणजे तिचा नवरा. त्याच्या मरणाबद्दल ती नेहमी असंच बोलते, ऐन कामाच्या वेळी बाहेर गेल्यासारखं.

जुई उठून खिडकीशी आली. "मी येऊ, ट्राउडेल?"

"तू तर येच, युई. तुझ्याशी वेगळं भांडायचंय मला. म्हणे शेवटची! कोण म्हणतं शेवटची?"

जुईला इथं सगळे युई म्हणतात. आधी कानाला टोचायचं, आता मीही कधीकधी तशीच हाक मारते.

हे 'शेवटची' प्रकरण आधी सांगायला हवं. आमचं गाव एवढंसं आहे, एका वेशीत शिंकलं तर दुसऱ्या वेशीतला माणूस 'शतायुषी व्हा' म्हणेल. पण इथं जन्मलेल्या थोरांचा गावाला अभिमान केवढा, ते भिंतींवरच्या पाट्या बघून कळतं. या घरात धूमकेतूंचे नकाशे काढणारे पाद्रीबुवा जन्मले. त्या घरात चर्चमध्ये अजून गातात ती गाणी रचणारी बाई जन्मली. खाणीतलं पाणी उपसणारा पंप ज्यानं केला तो कोपऱ्यावरच्या घरातला, आणि तांब्यावर चित्रं कोरणारे दोघे भाऊ विहिरीसमोरच्या घरातले. एक फार मोठे तत्त्वज्ञ या गावातून जाताना दाढदुखीनं रात्रभर कण्हत पडले होते, तर त्या खाणावळीवरसुद्धा पाटी आहे. तिच्यावर दाढेचा उल्लेख नाही एवढंच.

यंदा गावाचा मोठा वाढदिवस. त्या निमित्तानं नगरपालिकेनं ही सगळी नावं ओकच्या एका भल्यामोठ्या फळ्यावर कोरून घेतली होती. फळा नगरभवनात लागायचा होता, आणि त्यावरचा पडदा गावात जन्मलेल्या शेवटच्या माणसानं ओढायचा होता. ते शेवटचं माणूस म्हणजे आमची जुई. नगराध्यक्ष फोल्कमार यांनी हेमंतला बेकरीत गाठून ही बातमी सांगितली, तेव्हा हेमंत इतका फुगून घरी आला की पाव आणायचाच विसरला.

जुई शेवटची ठरली ती अशी. इथं टेकडीवर छोटा दवाखाना आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर बाळंतपणं व्हायची. जुई झाली आणि पुढच्याच आठवड्यात तो मजला बंद झाला. आता तिथं गुडघे बदलतात. तेव्हापासून गावातल्या बायका डोंगरापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात जातात आणि मुलांच्या दाखल्यावर तिकडच्या शहराचं नाव लागतं. गावात पोरं खेळतात, शाळा भरते, पण हाल्बेनरोडेत जन्मलेलं असं एकही नाही.

त्या मजल्याची मुख्य सुईण ट्राउडेल होती. कागदोपत्री इर्मट्राउट क्यूने. जन्म गेर्बर गल्लीतला. खालच्या अंगाला ओढ्याकाठी कातडी कमावणारे राहायचे, त्यांची ती गल्ली. तिचे वडील तिथं नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, सपाता शिवायचे. गल्लीत आजही कोणत्याच घरावर पाटी नाही. ट्राउडेल सुईणपण शिकून परत आली तेव्हा देश दोन होते, मग एक झाला. दवाखान्याचे मालक बदलले, नाण्यांवरची चित्रं बदलली. ती मात्र सायकलवरून टेकडी चढायची ती चढतच राहिली. गावातल्या चाळिशीच्या आतल्या-बाहेरच्या निम्म्या लोकांना जगात आल्यावर आधी तिचा चेहरा दिसलेला आहे. त्यामुळे ती कुणालाच अहो-जाहो करत नाही. पोलीस असो, पाद्री असो, ती 'काय रे' म्हणते आणि तो ऐकून घेतो.

माझी तर ती इथली पहिली नातेवाईक. मी या गावात नवी, भाषा धड येत नव्हती, आई तिकडे साताऱ्यात. कळा सुरू झाल्यावर शिकलेलं सगळं जर्मन पार पळालं आणि मी मराठीत ओरडायला लागले. ट्राउडेल माझ्या पाठीवर हात फिरवत तिच्या खेडवळ बोलीत एकसारखं काहीतरी सांगत होती. मला शब्द एक कळला नाही, पण 'ओरड गं, कोण ऐकतंय' एवढं नक्की कळलं. जुईला माझ्या कुशीत देऊन ती कोट चढवून बाहेर पडली. थोड्या वेळानं खालच्या वेशीकडून घंटा ऐकू आली. बारीक, किंचित किनरी.

तीच बाळघंटा. खालच्या वेशीच्या बुरुजात टांगलेली, नारळाएवढी. वेशीच्या आत मूल जन्मलं की सुईणीनं स्वतः जाऊन ती वाजवायची. सुईणीशिवाय कुणी हात लावायचा नाही, मुलाच्या बापानंसुद्धा नाही. ती वाजली की रस्त्यातली माणसं थांबायची. पुरुष टोपी काढायचे, दुकानातली बाई तराजू तसाच धरून म्हणायची, 'आलं हो एक.' कुणाचं ते कुणाला ठाऊक नसायचं. घंटा थांबली की सगळे पुन्हा आपापल्या वाटेला.

वरचा मजला बंद झाला त्या दिवशी ट्राउडेल बुरुजात गेली आणि घंटेचा लोलक काढून घरी घेऊन आली. पुढे पर्यटन कार्यालयाला वाटलं, रोज दुपारी पाहुण्यांसाठी ही घंटा वाजवावी. चढून बघतात तर लोलक नाही. लोलक कुठे आहे हे साऱ्या गावाला माहीत होतं, तरी सारं गाव 'कमालच आहे बुवा' म्हणत खांदे उडवत राहिलं. मग त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून हातोडी आणून ठोकून पाहिली. कल्हईवाल्याचं दुकान उघडल्यासारखा आवाज आला. खालची गल्ली पोट धरून हसली आणि तो बेत तिथंच संपला.

तर त्या शनिवारी आम्ही तिघं ट्राउडेलबरोबर गेर्बर गल्लीत तिच्या घरी निघालो. वरचे रस्ते लख्ख होते. नगरपालिकेची बर्फ काढायची गाडी पहाटेच फिरून गेली होती. वेशीजवळ आलो आणि पाय पोटरीपर्यंत आत जायला लागले. गल्लीत गाडी आलेलीच नव्हती.

ट्राउडेलच्या दर्शनी खोलीत दोघी जणी थांबल्या होत्या. शाळेची बस चालवणारी स्वेन्या पोटावर हात ठेवून खुर्चीत बसली होती. मार्चअखेरीस तिचे दिवस भरत होते. दुसरी फेमके, समुद्राकडच्या सपाट मुलखातली तरुण सुईण, लग्न होऊन इथं आलेली. उंच, मितभाषी, बोलण्याआधी क्षणभर थांबणारी.

स्वेन्याचं पहिलं मूल डोंगरातल्या वळणावर लाकडाच्या वखारीपुढे मोटारीतच झालं होतं. दाखल्यावर जन्मस्थळ म्हणून त्या वखारीच्या वाडीचं नाव आहे. तिथं चार घरं आणि एक कुत्रा. "त्या वाडीत जन्मलेल्या थोरामोठ्यांत आमचा पहिला नंबर," स्वेन्या म्हणाली, "दुसरा नंबर नाहीच." सगळे हसलो. ती हसली नाही. "तो रस्ता मी रोज चालवते, ट्राउडेल. प्रत्येक वळण मला ओळखतं. पण कळा घेऊन मी त्या रस्त्यावर पुन्हा जाणार नाही. मेले तरी नाही."

"मरायचं नाही, जन्माला घालायचंय," ट्राउडेल म्हणाली. "कपाट उचला."

कपाट कसलं, किल्ला होता. हेमंत लाल झाला, जुई हसून हसून सैल पडली, आणि मी मध्येच दाराच्या चौकटीत अडकले. शेवटी ते मागच्या खोलीत गेलं. दर्शनी खोली एकदम मोठी आणि उजेडाची दिसायला लागली. ओढ्याकडची खिडकी, लाकडी जमीन, कोपऱ्यात फरशा लावलेली शेगडी. ट्राउडेलनं ती खोली फेमकेला देऊन टाकली होती. बाळंतपणाची खोली करायला.

"आणि तुम्ही?" फेमकेनं विचारलं.

"मी मागे कपाटाजवळ. माझे हात आता कॉफीचा कप सांभाळतात तेवढं पुष्कळ आहे. मूल तू घेशील. मी पाणी तापवीन आणि नवऱ्यांना बाहेर काढीन."

मग तिनं बॅग उघडली. आत जुन्या, धुऊन धुऊन मऊ पडलेल्या लंगोटात काहीतरी गुंडाळलेलं होतं. लोलक! मी तो पहिल्यांदाच पाहिला. पेरूएवढा लोखंडी गोळा, वर आकडा, गंजानं तांबडा झालेला. तिनं तो हेमंतच्या हातात दिला. "तू रंगाच्या कारखान्यात आहेस ना? गंज काढ. पण घासून झिजवू नकोस, आवाज बदलेल."

फेमके मात्र खोलीकडे बघत नव्हती. ती खिडकीतून गल्लीकडे बघत होती. थोडं थांबून ती म्हणाली, "खोली मला आवडली. शेगडी, उजेड, सगळं. पण एक सांगते. बर्फात या गल्लीत रुग्णवाहिका शिरणार नसेल तर मी इथं बाळंतपण घेणार नाही. सगळं नीट झालं तर प्रश्नच नाही. नाही झालं तर मला गाडी दाराशी हवी."

स्वेन्यानं मान खाली घातली. मला फेमकेचा रागच आला. एवढी म्हातारी, एवढी धडपड, आणि हिचं काय तर बर्फ.

ट्राउडेलनं सपाता घासत खोलीभर एक चक्कर मारली, एकदा फेमकेकडे पाहिलं, आणि म्हणाली, "बरोबर बोललीस. तू 'चालेल' म्हणाली असतीस तर मी ही खोली तुला दिली नसती."

"फळ्याच्या उद्घाटनाच्या दिवसापर्यंत मला कळवा," फेमके म्हणाली. "नाहीतर स्वेन्याचं नाव पलीकडच्या दवाखान्यात घालावं लागेल. तिला अधांतरी ठेवता येत नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडताना बर्फ पडलाच. मी पावाला निघाले तर खालच्या वेशीकडून फावड्याची खरखर येत होती. ट्राउडेल गल्लीच्या मधोमध उभी, टोपी मागे सरकलेली, फावडं मारत चाललेली. कडेची पायवाट नव्हे, अख्खा रस्ता. त्याची जबाबदारी नगरपालिकेची.

"काय हे! चौऱ्याहत्तर वय आहे तुझं!"

"फावड्याला माहीत नाही. तू त्याला सांगू नकोस."

"ही गल्ली एकटीनं होणार आहे का?"

"एकटीनं नाही होणार. पण कुणीतरी सुरुवात केल्याशिवाय बाकीच्यांना लाज वाटत नाही."

तिचं खरं निघालं. समोरचा पेन्शनर पहिल्या दिवशी खिडकीतून बघत होता. दुसऱ्या दिवशी 'तुझ्या फावड्याचा दांडा चुकीचा आहे' हे सांगायला बाहेर आला, आणि दांडा बरोबर कसा ते दाखवता दाखवता दारापासून ओढ्यापर्यंत साफ करून गेला. मग त्याची बायको आली. हेमंत कामावर जायच्या आधी जायला लागला. स्वेन्याला फावड्याला हात लावू दिला नाही, म्हणून ती बसच्या थर्मासातून सगळ्यांना कॉफी देत फिरायची. माझ्या घरचं थालीपीठ त्या गल्लीत त्याच दिवसांत रुळलं. पेन्शनर त्याला तिखट पॅनकेक म्हणतो आणि दोन खातो.

पण फावड्यांनी एका मोटारीपुरती वाट होते, आणि जोराचा वारा आला की तासाभरात बुजते. फेमके एकदा येऊन उभी राहिली. वाट बघितली, स्वतःही फावडं घेतलं. जाताना एवढंच म्हणाली, "मेहनत दिसते. पण बर्फ काढायची गाडीच लागेल." ट्राउडेल म्हणाली, "माहीत आहे."

उद्घाटनाला आठवडा राहिला असताना नगराध्यक्ष स्वतः गेर्बर गल्लीत आले. मी खोलीचे पडदे शिवत बसले होते. फोल्कमार देखणा, गोड बोलणारा माणूस. बूट झटकून आत आला आणि ट्राउडेलच्या गालाला गाल लावला.

"ट्राउडेल मावशी, किती तरुण दिसतेस!"

"थंडीनं गाल लाल झालेत. काय हवंय?"

"लगेच काय हवंय! भेटायला नाही का यायचं?"

"तू झालास तेव्हासुद्धा कामाशिवाय आला नाहीस, फोल्कमार. आलास तो भूक घेऊन. बोल."

तो हसला. मग म्हणाला, उद्घाटनाला टीव्हीवाले येणार आहेत. पडदा सरला की खालच्या वेशीतली घंटा वाजली तर काय बहार येईल! गावातली शेवटची मुलगी पडदा ओढते, सुईण घंटा वाजवते. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल. तेवढा लोलक मिळाला तर.

"मूल कुठाय?" ट्राउडेलनं विचारलं.

"कसलं मूल?"

"ज्याच्यासाठी घंटा वाजवायची ते."

"तसं नाही मावशी, प्रतीक म्हणून."

"प्रतीकाला लंगोट लागत नाही. मुलासाठी असेल तर ये, मध्यरात्री उठून वाजवीन."

फोल्कमारनं माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. मी सुईत दोरा ओवण्यात गढले.

"बरं, ते राहू दे," ट्राउडेल म्हणाली. "बर्फ काढायची गाडी इथं केव्हा येते?"

"गाडी एकच आहे, ड्रायव्हरही एकच. मार्ग ठरलेला आहे. आधी बाजारचौक, मग पाट्यांची घरं. पाहुणे घसरून पडले तर गावाचं नाव खराब होतं. मग शाळा, मग वरच्या गल्ल्या, मग..."

"मग दुपार. आणि मग आम्ही."

"मी समितीपुढे ठेवतो."

"केव्हा?"

"उन्हाळ्यात बैठक आहे."

"उन्हाळ्यात बर्फ काढणार का?"

तो उठला, दाराशी थांबला, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मावशी, असं करू. तू लोलक दे, मी गाडीचं बघतो. समितीबिमिती राहू दे."

माझी सुई थांबली. झालं, जमलं, असं मला वाटलं. ट्राउडेलनं शेगडीत लाकूड सरकवलं, दार लावलं, आणि म्हणाली, "नाही."

"अगं, पण..."

"गाडी मी स्वेन्यासाठी मागतेय. घंटा मुलाची आहे. एकाची वस्तू विकून दुसऱ्याला देत नाही. नीट जा, पायरीवर घसरशील."

तो गेल्यावर मी शिवणकाम बाजूला टाकलं. "ट्राउडेल, काय झालं असतं गं एकदा वाजवली असती तर? गाडी मिळत होती! स्वेन्याचा प्रश्न सुटत होता!"

ती उठून बॅगेपाशी गेली. मग लोलक घेतला. हेमंतनं तेल लावून काळाभोर करून दिला होता. तो तळहातावर तोलत म्हणाली, "तुझी युई झाली तेव्हा घंटा ऐकलीस ना?"

"ऐकली."

"तेव्हा बेकरीतला म्हातारा ओव्हन उघडा टाकून रस्त्यावर आला होता. पाव करपले त्याचे. का आला? कारण त्याला माहीत होतं, ही खोटी वाजत नाही. एकदा टीव्हीसाठी वाजली की पुढच्या वेळी तो पाव सांभाळत बसेल. मग स्वेन्याच्या पोराला काय मिळालं? खोली मिळाली, गाव नाही मिळालं."

"आणि गाडी नाही मिळाली तर खोलीही नाही."

"गाडी मिळेल," ती म्हणाली. "मी अजून नीट मागितलेली नाही."

उद्घाटनाच्या दिवशी पहाटेपासून बर्फ भुरभुरत होता. बाजारचौक घासून ताटासारखा केलेला. वर मीठ मिसळलेली वाळू टाकलेली, पाट्यांच्या घरांसमोर बर्फाचा एक कण नाही. गेर्बर गल्लीतली आम्ही मंडळी मात्र गुडघ्यापर्यंत ओली होऊन नगरभवनात शिरलो. फावड्यांनी पाडलेली वाट सकाळपासून पुन्हा बुजत आली होती. स्वेन्या पेन्शनरचा हात धरून आली. फेमके भिंतीला टेकून उभी राहिली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिला उत्तर द्यायचं होतं, आणि उत्तर आमच्यापाशी नव्हतं.

जुईनं माझ्या आईची शाल कोटावर घेतली होती. फोल्कमारनं तिला फळ्याजवळ उभी केली आणि माइकमध्ये सांगितलं, "आणि ही आपली युई. हाल्बेनरोडेत जन्मलेली शेवटची..."

"आत्तापर्यंतची," जुई म्हणाली. माइक तिच्याकडे नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेलं. मागून पेन्शनरनं 'वा' म्हणून काठी आपटली.

तिनं पडदा ओढला. फळा खरंच सुंदर होता, ताज्या ओकचा वास अजून येत होता. धूमकेतूवाले पाद्रीबुवा, गाणी रचणारी बाई, पंपवाला, कोरणारे भाऊ. खाली मोकळी जागा ठेवली होती, पुढच्या थोरांसाठी. तिच्या सुरुवातीला एक ओळ नवी होती, अक्षरांच्या कडा अजून फिक्या:

इर्मट्राउट क्यूने, सुईण.

लोक पुढे वाकून ती ओळ वाचायला लागले. मग टाळ्या उठल्या, आणि त्या थांबेनात. मीही वाजवत होते, रडतही होते. फोल्कमारचा चेहरा उजळला होता. लबाडी नव्हती त्यात. आमच्याकडे माणसाला मान द्यायचा म्हणजे त्याचं नाव लाकडात कोरायचं किंवा दगडात, यापलीकडे त्याला काही ठाऊकच नव्हतं. जिवंतपणी फळ्यावर गेलेली ती पहिलीच.

ट्राउडेल उठली नाही. खुर्चीत बसून त्या ओळीकडे बघत राहिली. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पाहिलं.

"गावानं तुला दिलंय, मावशी," फोल्कमार म्हणाला. "ये, दोन शब्द बोल. आणि आज तुझा दिवस आहे. काय हवं ते माग."

टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. ट्राउडेल उभी राहिली. ओले बूट फरशीवर उमटवत पुढे गेली, वाटेत स्वेन्याच्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर थांबली. फेमके भिंतीपासून सरळ उभी राहिली होती. माइक ट्राउडेलच्या उंचीच्या मानानं वर होता. फोल्कमार तो खाली करायला लागला तर तिनं हातानंच बाजूला सारला. तिला माइक कशाला? सभागृहातल्या निम्म्या लोकांना पहिला श्वास घ्यायला तिनंच ओरडून लावलं होतं.

ती टाळ्या थांबेपर्यंत थांबली. बाहेर बर्फ आता जोरात पडत होता, खिडक्यांमधून दिसत होता.

"नाव कोरलंत, आभार," ती म्हणाली. "एगॉनला आवडलं असतं. माझं मागणं एकच आहे. बर्फ पडला की गाडी आधी गेर्बर गल्लीत आणा. बाजारचौक नंतर."